चकोट केल्यावर केस नीट परत यावेत म्हणून: व्हीगन आहार, वस्तरा आणि टाळूची निगा

जवसचटणी (धागाकर्ती)

तिरुपतीला केस दिले, घरातल्या मृत्यूनंतर मुंडण झालं, उन्हाळ्यात हौसेनं गोटा केला, नाहीतर फारच विरळ झाले म्हणून एकदाचे काढून टाकले. कारण कोणतंही असो, पुढचा प्रश्न एकच: आता येतील ते केस चांगले यावेत यासाठी काय करायचं? ताटात दूध, दही, तूप, अंडं, मध यातलं काहीच नसेल तर याचं उत्तर मोजूनमापून शोधावं लागतं. इथे आहार, त्वचा आणि केशकर्तन यातली जाणकार मंडळी आहेत, म्हणून हा धागा. किती ग्रॅम, किती दिवस, काय चुकतं आणि का, असं लिहा. अनुभवांसाठी वेगळे धागे आहेत.

आधी मुळाशी जाऊ. केस जिथे तयार होतो ती जागा टाळूच्या कातडीखाली ३-४ मिलिमीटर खोल असते. वस्तरा कातडीच्या वर आलेला, निर्जीव झालेला भाग कापतो. आतल्या मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे चकोट करून केस दाट होत नाहीत, पातळ होत नाहीत आणि वाढीचा वेगही बदलत नाही. शरीररचनेच्या अभ्यासक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली दाढीचे केस मोजून हेच दाखवलं होतं. तरी नवे केस राठ आणि काळेभोर वाटतात, कारण आपोआप वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापलेल्याचं बोथट. शिवाय आखूड केस ताठ उभा राहतो आणि उन्हानं त्याचा रंग उतरलेला नसतो.

वाढीचा वेग महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर. पहिल्या आठवड्यात खुंट २-३ मिमी, महिन्यात बोटाच्या चिमटीत जेमतेम येतील इतके, सहा महिन्यांत ६-७ सेंमी, वर्षात १२ ते १५. हा वेग वाढवणारं तेल नाही. मूळ उपाशी राहिलं तर मात्र केस बारीक येतो किंवा मूळ विश्रांतीत जातं. म्हणून या धाग्यात बाटल्यांपेक्षा ताटाबद्दल जास्त बोलूया.

---

वस्तरा_धार

चकोट कसा केला यावर पहिले पंधरा दिवस अवलंबून असतात, म्हणून तेवढं लिहितो.

लांब केसांवर थेट वस्तरा चालवू नये. आधी मशिननं ३ मिमीपर्यंत उतरवून घ्या. मग कोमट पाण्यात भिजवलेला पंचा डोक्यावर तीन-चार मिनिटं ठेवा. ओला केस फुगून मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लागतो. क्रीम लावून केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं हात चालवायचा. भोवऱ्यापाशी दिशा गोल फिरते, तिथे छोटे छोटे फटके घ्यायचे. अगदी गुळगुळीत व्हावं म्हणून कातडी ताणून उलट्या दिशेनं दोन-तीनदा पातं फिरवलं की केस कातडीच्या पातळीखाली तुटतो. वर येताना तो आतल्या आत वळतो आणि मानेवर, कानामागे पुटकुळ्या उठतात. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त होतो. त्यांनी वस्तऱ्याचा नाद सोडून मशिनवर शून्य नंबरला थांबावं.

पातं नवीन आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेलं असलं पाहिजे. देवस्थानात गर्दी असते, तरी हे विचारायला संकोच करू नका. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या अगदी सूक्ष्म अंशातून पसरतात. तुरटीचा सामायिक खडाही नको. आपला छोटा तुकडा खिशात ठेवा, किंवा नुसतं स्वच्छ गार पाणी पुरतं. पाणी न मिसळलेलं जंतुनाशक द्रावण ताज्या टाळूवर ओतलं तर कातडी भाजते.

व्हीगन मंडळींसाठी जादा मुद्दा. दाढीच्या ब्रशचे केस बऱ्याचदा डुकराचे किंवा बॅजर या प्राण्याचे असतात, कृत्रिम तंतूंचा मागा. साबणाच्या घटकांत 'सोडियम टॅलोवेट' असेल तर ती जनावराची चरबी. क्रीममधलं लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं. 'केराटिन'वाले शाम्पूही बहुधा लोकर, शिंगं आणि खुरांपासून बनतात.

---

कोंब

छान माहिती. दोन शंका: चकोट केल्याकेल्या तेल लावावं की नाही? आणि कांद्याचा रस?

---

पांढरी_पेशी

पहिले ४८ तास काहीही चोळू नका. वस्तऱ्यानं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. सुगंधी तेल, मोहरीचं तेल, लिंबू, कांद्याचा रस, दुसऱ्या तेलात न मिसळलेलं रोझमेरीचं अर्क-तेल, सगळं झोंबतं आणि त्यातून पुरळ उठतं. गार पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, बास.

तिसऱ्या दिवसापासून टाळू कोरडी वाटत असेल तर खोबरेल तेलाचे पाच-सहा थेंब पुष्कळ झाले. तेलाचं काम कोरडेपणा कमी करण्याचं. भृंगराज, जास्वंद, आवळा काहीही घालून उकळलं तरी केसाच्या मुळाला अन्न रक्तातून मिळतं, तेलातून नाही. टाळूवर पिवळसर खपल्या आणि खाज असेल तर तेल बंदच करा. तो कोंडा तेलावर पोसणाऱ्या यीस्टचा असतो. त्याला २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं चार आठवडे. लगेच धुतला तर औषधाला वेळच मिळत नाही. बहुतेकांचं नेमकं हेच चुकतं.

केस नाहीत म्हणून रोज अंगाचा साबण डोक्याला लावणंही चूक. टाळूतल्या तैलग्रंथी तेवढ्याच चालू असतात, पण साबणानं कातडी ताणते आणि भुरके निघतात. सौम्य शाम्पू, दोन-तीन दिवसांतून एकदा. कांद्याच्या रसाबद्दल: त्याचा जुना, लहानसा अभ्यास चाई पडलेल्या रुग्णांवर होता, नुकत्याच तासलेल्या निरोगी टाळूवर नव्हे.

उन्हाचं विसरू नका. एरवी केसांखाली झाकलेली कातडी एकदम उघडी पडते. टोपी, नाहीतर एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. हेल्मेटखाली पातळ सुती कापड बांधा आणि ते रोज धुवा. घामट अस्तर घासून घासून केसतोड होतात.

---

मापटं

आता ताट. साठ किलो वजन धरून लिहितो, आपापल्या वजनाप्रमाणे बदल करा.

केस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, म्हणजेच प्रथिन. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन आहे, म्हणजे साठ किलोला ५० ग्रॅम. डाळी-धान्यांचं प्रथिन दुधा-अंड्यापेक्षा थोडं कमी पचतं, म्हणून व्हीगन माणसानं किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम धरावं. आपल्या नेहमीच्या जेवणातून ते असं बसतं (सगळी वजनं कोरड्या, कच्च्या मालाची):

ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या, १२ ग्रॅम प्रथिन. मटकी ५० ग्रॅम, १० ग्रॅम. तूरडाळ ४० ग्रॅम, साडेआठ. शेंगदाणे ३० ग्रॅम, म्हणजे बंद मूठभर, ७ ग्रॅम. सोयाबीन वडी २५ ग्रॅम, १३ ग्रॅम. तांदूळ ६० ग्रॅम, साडेचार. तीळ १५ ग्रॅम, जवळपास ३. भाजीपाल्यातून आणखी दोन-तीन. झाले साठ.

यातून सोयावडी आणि शेंगदाणे काढले की आकडा चाळिशीत येतो. 'मी वरण-भात-भाजी-पोळी व्यवस्थित खातो' म्हणणाऱ्या व्हीगन माणसाचं गणित हमखास इथेच चुकतं. आमटीच्या एका वाटीत कोरडी डाळ १५-२० ग्रॅमच असते, म्हणजे प्रथिन ४ ग्रॅम. पूर्वी उरलेली तूट दूध-दही भरून काढायचं, आता तिथे काहीच नसतं.

दुसरी गोष्ट एकूण उष्मांकांची. व्हीगन होताना तूप, पनीर, मिठाई जाते आणि त्या जागी कोशिंबिरी येतात. दिवसाला पाच-सहाशे उष्मांक कमी झाले तर शरीर आधी केसांची रसद तोडतं. वजन महिन्याला दोन-अडीच किलोंपेक्षा जास्त वेगानं उतरत असेल तर केसांचे इतर उपाय करण्याआधी पोटभर जेवा.

---

सह्यवेल

लोहासाठी अळीव! १०० ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम लोह. बाळंतिणीला अळिवाचे लाडू उगीच देत नाहीत. गूळ-खोबऱ्यातला लाडू तूप न घालताही वळता येतो.

---

मापटं

लाडू जरूर खा, आकडा तेवढा दुरुस्त करून घ्या. १०० मिलिग्रॅम हा जुन्या तक्त्यांतला. एनआयएनच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत अळिवात १०० ग्रॅमला १७ मिग्रॅ लोह आहे. पोह्यांचंही तसंच, जुने २० मिग्रॅ आता साडेचारच्या आसपास आले. एका लाडवात १० ग्रॅम अळीव धरलं तर मिळतात पावणेदोन मिग्रॅ. चांगलं आहे, पण त्यावर विसंबून चालणार नाही.

नव्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅममागे लोह: तीळ सुमारे १४-१५, हुलगे पावणेनऊ, राजगिरा ८ ते ९, सोयाबीन ८, मटकी ८, मसूर ७ ते साडेसात, ज्वारी ४. वर दिलेल्या ताटात वाटीभर माठाची किंवा राजगिऱ्याची पालेभाजी घातली तर दिवसाचं लोह १८ ते २० मिग्रॅ होतं. शिफारस पुरुषाला १९, पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. म्हणजे पुरुषाचं भागतं, स्त्रीला मात्र हेच ताट दहा मिग्रॅ कमी पडतं. व्हीगन स्त्रियांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) घसरण्यामागे बऱ्याचदा एवढंच साधं गणित असतं.

---

आंबोळी

लोह ताटात असणं वेगळं आणि रक्तात उतरणं वेगळं. डाळी-धान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त दोन्ही धरून ठेवतं. त्यावर स्वयंपाकघरातले उपाय लिहिते.

मटकी, मूग, हुलगे ८ ते १० तास भिजवून ते पाणी टाकून द्या, मग फडक्यात बांधून २४ तास मोड आणा. मोड येताना बीजच आपलं फायटेट फोडतं. आंबोळी, इडली, नाचणीची आंबील यांचं पीठ रात्रभर आंबलं की तेच घडतं. हिवाळ्यात १२ ते १४ तास लागतात. सोड्यानं फुगवलेल्या पिठात हा फायदा मिळत नाही, कारण तिथे आंबण्याला वेळच दिलेला नसतो.

क जीवनसत्त्व त्याच जेवणात हवं. सगळे 'वर लिंबू पिळा' सांगतात. अर्ध्या लिंबाचा रस निघतो १५ मिली, त्यात क जीवनसत्त्व ७ मिग्रॅ. एक आवळा ४०-५० ग्रॅमचा, त्यात शंभरावर. अर्धा पेरू दीडशेच्या आसपास. लिंबू चवीला ठेवा, कामाला आवळा किंवा पेरू घ्या. आवळा किसून, मीठ लावून जेवताना खायचा. मोरावळ्यात उष्णतेनं बराच भाग गेलेला असतो.

चहा-कॉफी जेवणाआधी आणि नंतर तासभर नको. कॅल्शियमची गोळी लोहाच्या जेवणाबरोबर नको. लोखंडी कढईत कोकम-चिंचेची आमटी केली तर आमटीत लोह उतरतं, पण शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी आणि तुरट होते.

---

कोंब

आणि बी-१२ जीवनसत्त्व? आंबवलेल्या पदार्थांतून मिळतं असं ऐकलंय. स्पिरुलिनाचंही नाव घेतात.

---

पांढरी_पेशी

या प्रतिसादातलं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल: व्हीगन माणसाला बी-१२ ची गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न घ्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही.

इडली, आंबील, न धुतलेली भाजी, मशरूम यांपैकी कशावरही भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिनात असतं ते बव्हंशी बी-१२ सारखं दिसणारं निष्क्रिय रूप. ते शरीराला वापरता येत नाही, तपासणीत मात्र आकडा फुगवू शकतं. न्यूट्रिशनल यीस्टमध्येही बाहेरून घातलेलं असेल तरच.

मात्रा: रोज १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. यात एवढी तफावत का? आतड्यातली वाहक यंत्रणा एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेते. त्यापलीकडचं अवघं एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून थोडं रोज, नाहीतर क्वचित पण भरपूर. ही मात्रा पातळी टिकवण्यासाठी आहे. मुळात कमतरता असेल तर डॉक्टर जास्त मात्रा किंवा इंजेक्शनं देतात. हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, चालताना तोल जाणं असं काही असेल तर केसांची चिंता बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मज्जातंतूंची इजा लांबली तर पूर्ण भरून येत नाही.

अंगावर पाजणाऱ्या व्हीगन आईसाठी हे दुप्पट महत्त्वाचं. बाळाला बी-१२ आईच्या दुधातून मिळतं. जावळ काढल्यावर केस दाट येतील का, हा प्रश्न सगळे विचारतात (नाही येत, जावळ एकदा काढा की तीनदा). आईचं बी-१२ किती आहे हे कुणी विचारत नाही.

---

करडई

गोळ्यांत व्हीगन किती, तेही पाहा. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचं. गोळीवरची चकाकी शेलॅकची असू शकते, म्हणजे लाखेच्या किड्यापासून आलेली. बऱ्याच गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, भरण म्हणून असतं. हिरवा ठिपका पाहून थांबू नका, दुधालाही हिरवाच ठिपका असतो. एफएसएसएआयचं (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) व्हीगन चिन्ह वेगळं आहे, हिरवा व्ही आणि त्यावर पान. त्याचे नियम २०२२ चे.

ड जीवनसत्त्वाचं डी-३ बहुतेक वेळा लॅनोलिनपासून काढतात. दगडफुलासारख्या शेवाळ-बुरशीच्या जोडजीवापासून, म्हणजे लायकेनपासून काढलेलं डी-३ व्हीगन असतं. डी-२ ही चालतं. साठ हजार युनिटची साप्ताहिक मात्रा मनानं सुरू करू नका. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही.

---

जवसचटणी (धागाकर्ती)

आयोडिनबद्दल लिहायचं राहतंय. दूध आणि मासे दोन्ही गेले की आयोडिनचा भार मिठावर येतो, आणि नेमके आरोग्यासाठी जागरूक लोकच सैंधवावर वळलेले असतात. साध्या सैंधवात आयोडिन नगण्य. आयोडिनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत किलोला किमान १५ मिग्रॅ असावं असा नियम आहे, म्हणजे ५ ग्रॅम मिठात ७५ मायक्रोग्रॅम. गरज १४० ची. बरणी उघडी, शेगडीच्या वर ठेवली तर आणखी घटतं. बंद डब्यात ठेवा आणि स्वयंपाक उतरवताना घाला. आयोडिन कमी पडून थायरॉइड मंदावला तर केस कोरडे होतात, गळतात आणि भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात.

जस्तासाठी तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू, राजगिरा. ओमेगा-३ साठी जवस, पण दळून, कारण अख्खं बी बरेचदा तसंच बाहेर पडतं. मोठा चमचाभर पूड म्हणजे दीड ग्रॅमच्या वर ओमेगा-३. भाजायचं असेल तर मंद आचेवर, तडतडलं की उतरवा. चटणी आठवड्याला पुरेल एवढीच करा, खवट वास आला तर फेका.

---

न्यूजर्सीकर

परदेशातल्यांसाठी थोडं. इकडच्या सोया आणि ओट दुधात बहुधा बी-१२, ड आणि कॅल्शियम घातलेलं असतं, पण कॅल्शियम तळाशी बसतं, त्यामुळे डबा दर वेळी हलवून ओता. 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या काही दुधांत काहीच मिसळलेलं नसतं, मागचा तक्ता वाचा. भारतातून जाणाऱ्यांनीही दोन्हीकडचं एकच असेल असं धरू नये.

---

कोंब

बायोटिनवर (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कुणी बोललंच नाही. केसांच्या प्रत्येक गोळीत तेच असतं.

---

पांढरी_पेशी

रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बाजारातली गोळी १० मिलिग्रॅमची, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. शेंगदाणे, सोयाबीन, रताळं खाणाऱ्याला बायोटिनची कमतरता जवळजवळ होत नाही, आणि कमतरता नसताना गोळीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट ती रक्ततपासण्या बिघडवते. थायरॉइड आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत सांगा.

जास्त तितकं चांगलं हा हिशेब केसांना लागू होत नाही. अ जीवनसत्त्व अति झालं की केस गळतात. जस्त दिवसाला ४० मिग्रॅच्या वर महिनोन् महिने घेतलं तर तांबं कमी पडतं आणि रक्तक्षय होतो. सेलेनियमचंही तसंच. बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून अनेक गावांतल्या लोकांना अचानक टक्कल पडू लागलं तेव्हा संशय सेलेनियमवर गेला, आणि डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हात त्याचं प्रमाण फार असल्याचं मांडलं. व्हीगन लोकांत सेलेनियमसाठी ब्राझील नट खायची पद्धत आहे. एका बीमध्येच दिवसाची गरज भागून उरते. मूठभर रोज खाऊ नका.

---

सह्यवेल

तपासण्या कोणत्या आणि कधी?

---

पांढरी_पेशी

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, २५-हायड्रॉक्सी ड (ड जीवनसत्त्व), टीएसएच (थायरॉइड). एवढ्या पुरतात. चकोट करण्याआधीच केस गळत होते किंवा व्हीगन होऊन वर्ष झालंय, अशांनी लगेच कराव्यात.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फेरिटिन १५-२० आलं तरी प्रयोगशाळेच्या कागदावर 'सामान्य' छापलेलं असतं. केसांसाठी बरेच त्वचारोगतज्ज्ञ किमान ४० ची अपेक्षा ठेवतात. हिमोग्लोबिन उत्तम असूनही साठा रिकामा असू शकतो. आणि ताप किंवा जंतुसंसर्गात फेरिटिन खोटंच वाढतं, म्हणून आजारपणानंतर तीन-चार आठवडे थांबून तपासा. बी-१२ दोनशे ते तीनशेच्या सीमारेषेवर असेल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) पाहून खरी स्थिती कळते. पालेभाज्या-डाळींमुळे फोलेट भरपूर असतं, त्यामुळे बी-१२ च्या कमतरतेतही सीबीसी साफ दिसू शकतो.

लोहाची गोळी तपासणीशिवाय नको. सुरू झाली तर दिवसाआड घेऊन शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. साठा भरायला तीन ते सहा महिने लागतात, हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडू नका. पुरुषाचं लोह कमी निघालं तर नुसतं आहारावर ढकलू नये, पोटातून रक्त जातंय का ते पाहावं लागतं.

---

वस्तरा_धार

वाढताना दिसणाऱ्या गोष्टींवर लिहितो, कारण दुकानात लोक त्यावरूनच घाबरतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खुंट टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला अडकतात. घासून पुसू नका, टिपा. भोवऱ्याजवळ आणि कानशिलावर विरळ वाटतं, ते बरेचदा केसांच्या दिशेमुळे. टाळू फिकी आणि केस काळे, म्हणून फटी उठून दिसतात. दीड-दोन सेंमी झाले की बुजतात. सारखेपणासाठी परत परत चकोट करण्यात काही हशील नाही. सहा-आठ आठवड्यांनी कानाभोवती आणि मानेवर तेवढी कड काढून घ्या, वरचा भाग वाढू द्या. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, केस कोरडे असताना वरून एक फोटो काढा. रोज आरशात पाहून काहीच कळत नाही.

---

कोंब

तीन महिने झाले आणि गळायलाच लागले तर? व्हीगनही त्याच सुमारास सुरू केलं असेल तर दोष कशाला द्यायचा?

---

पांढरी_पेशी

तीन महिने मागे मोजा. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्यानं उतरलेलं वजन यातलं काही सापडतं. धक्का बसला की बरीच मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि तो केस दोन-तीन महिन्यांनी सुटतो. चकोट त्याचं कारण नसतो. उलट चकोटामुळे ही गळ झाकली जाते. चार मिमीचा केस न्हाणीघरात दिसत नाही, चार सेंमीचा दिसतो, म्हणून 'आत्ताच सुरू झाली' असं वाटतं. रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे. कारण दूर झालं तर ही गळ बहुधा सहा महिन्यांत थांबते.

पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि माथा, स्त्रियांत भांग रुंदावणं हा प्रकार वेगळा. तो आनुवंशिक आणि संप्रेरकांचा. आहार कितीही चोख असला आणि वस्तरा कितीदाही फिरवला तरी तिथे बारीक झालेलं मूळ बारीकच केस देतं. त्यावर मिनॉक्सिडिल हे टाळूवर लावायचं औषध आहे, पण डॉक्टरांना विचारून. लावायला लागल्यावर पहिल्या दोन-आठ आठवड्यांत गळ वाढते, तेव्हा घाबरून सोडू नका. बंद केलं की मिळालेलं तीन-चार महिन्यांत जातं, हेही आधीच माहीत असू द्या. नुकत्याच वस्तरा फिरवलेल्या टाळूवर लावू नका. ओरखड्यांतून औषध जास्त शोषलं जातं आणि छाती धडधडते. आठवडाभर थांबा.

चकोटाचा एक फायदा खरा आहे, टाळू स्पष्ट दिसते. नाण्याएवढा गुळगुळीत गोल ठिपका दिसला तर ती चाई. खवले आणि तुटके खुंट असतील, विशेषतः मुलांत, तर बुरशी, आणि तिला पोटातून औषध लागतं, मलमानं भागत नाही. चकचकीत, छिद्रंच न दिसणारी जागा असेल तर मुळं कायमची जाण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला हवं. ती महिनाभर 'बघू' म्हणून ठेवायची गोष्ट नाही.

---

आंबोळी

सोयावडीबद्दल विपूत (माझ्या विचारपुशीत) विचारणा आली म्हणून इथेच लिहिते. २५ ते ५० ग्रॅम कोरडी सोयावडी रोज खाल्ल्यानं पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी कमी शोषली जाते. वडी उकळत्या पाण्यात मीठ घालून पाच मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, ते पाणी टाका, पुन्हा एकदा गार पाण्यातून पिळा. उग्र वास जातो आणि पोटही फुगत नाही. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परता, नाहीतर बारीक करून झुणक्यात घाला.